पाच मतांची निवडणूक

लिंबागणेशजवळ, ता. १४ डिसेंबर १९७२
ती. अक्कास, धाकट्या धर्मराजचा सा. नमस्कार. वि. वि. सगळे खुशाल, पाऊस तेवढा न्हाई.

सोसायटीची निवडणूक झाली. जागा नऊ, प्रत्येकाला मतंही नऊ. वरच्या वस्तीच्या सुंदररावांच्या पॅनेलला एकशे आठ मतं, आमच्या खालच्या वस्तीला एकशे तीन. पाच मतं जास्त म्हणून त्यांना नऊच्या नऊ जागा, आम्हाला चहा. सुंदरराव म्हणाले, चहा सर्वांना सारखाच हाय.

पहिल्याच बैठकीत कडब्याचा डेपो वरच्या वस्तीत गेला. आमची गाडी पोचेस्तोवर पेंढ्या संपतात. आपला पवळ्या बैल परवा बसला, तो उठला न्हाई. मताचा अधिकार नसताना पडलेला तो एकटाच.
तुझा धर्मराज

आष्टी, ता. २२ डिसेंबर
चि. धर्मराजास मालनअक्काचे आशीर्वाद.

पवळ्याचं वाचून वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. पोरांना वाटलं, गणित अवघड आहे.

गावाचे नऊ गट पाडायला सांगा, प्रत्येक गटाचा एक सभासद. मग पाच मतांनी सगळं जाणार नाही. सुंदरराव अडले, तर गटांच्या रेघा त्यांनाच आखू दे. मान मिळाला की माणूस घाई करतो.
अक्काचे आशीर्वाद पाठीशी आहेतच

ता. ३ मे १९७३
ती. अक्कास सा. न.

पोटनियम बदलून फेरनिवडणूक झाली. सुंदररावांच्या चार भावांना पडायची लई भीती, म्हणून रेघा आखताना त्यांनी भरवशाचे मतदार चारच गटांत कोंबले. चौघं दुप्पट मतांनी आले. उरलेले पाच गट आम्ही तीन-तीन मतांनी घेतले. एकूण मतं त्यांना एकशे सोळा, आम्हाला पंचाण्णव. आमची आठ मतं घटली आणि मी चेअरमन झालो. सुंदरराव म्हणतात, हा अन्याय हाय. मी म्हटलं, रेघा तुमच्याच.

डेपो चौदा तारखेला, सोमवारी, खालच्या वस्तीत आणतो.
धर्मराज

ता. ९ मे
चि. चेअरमनसाहेबांस आशीर्वाद.

कमी मतांत जास्त जागा, दुष्काळात अशी काटकसर हवीच. एवढंच कळव, त्या एकशे सोळांच्या दावणीचे बैल कोणत्या पॅनेलचे?
अक्का

ता. ३० मे
ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र त्या सोमवारच्या आदल्या दिवशीच आलं. डेपो दोन्ही वस्त्यांच्या मधे, ओढ्याकाठी ठेवला. आमचे चौघे सभासद बोलणं सोडून बसलेत. म्हणतात, मग निवडून कावून आलो? पहिल्या दिवशी सुंदरराव गाडी घेऊन रांगेत आले. त्यांचा खांदा धरलाय, म्हणून पेंढ्या मीच गाडीत टाकल्या.

पुढच्या वेळी दोन्ही वस्त्या मिळून मला पाडणार हायेत. एवढी एकी गावात आजवर न्हवती.

माया आहे तशी ठेव, मत मागत न्हाई.
तुझा धर्मराज