गाळणी केवढी पाहिजे

प्रिय लटारू,

प्रिय लिहिलं ते रीत म्हणून. दोन वर्षांनी तुझं पत्र आलं, त्यात या आजीची खुशाली अर्धी ओळ अन् मासोळ्यांच्या हौदाचं अख्खं पान. अहेरीच्या बंगल्यासमोर बाग केली, बागेत हौद केला, पाणी हिरवं पडलं, दिवाळीले मोठे साहेब पाहायला येऊन राह्यले, तर गाळणी केवढी पाहिजे ते कळव. अन् वर लिहितोस, बायको रंभा रुसून तुझ्याकडे आली असेल तर साहेबाच्या आधी तिले धाडून दे. दोन्हीचं उत्तर देते.

गाळणी पाण्यावर ठरत नाई, घाणीवर ठरते. तुझ्या हौदात मासोळ्या हगतात, बदकं हगतात, वरून तू भाताचे गोळे फेकतोस. आपल्या घरची तीन मडक्यांची गाळणी, वरच्यात कोळसा, मधल्यात रेती, खालच्यात निवळ पाणी, ती पाच माणसांच्या पिण्यापुरती. ती तू हौदाच्या काठावर मांडलीस! स्वतः पाणी ओतलं असतंस तर एका सकाळीत अक्कल आली असती. पण तू रंभाले जुंपलंस. सातव्या महिन्याची बाई हौदातून घागर भरते, मडक्यात ओतते, निवळलेलं परत हौदात टाकते, अन् तू व्हरांड्यात खुर्ची टाकून म्हणतोस, अजून हिरवंच दिसते. हे तिनं सांगितलं नाई. तुझा चपराशी लालसू तिले इथवर सोडायला आला, तो सांगून गेला. जाताना तुझ्या नावानं थुंकला, मी अडवलं नाई.

लहानपणी बोडीवर, आपल्या गावतळ्यावर, तू असाच बसायचास. चिखलात उतरायचं शेजारच्या वारलूनं, मासोळी खायची तू. तवाच तुले बोडीत दाबायले पाहिजे होतं.

तर ऐक. हौदाच्या वरच्या अंगाले खड्डा खण, हौदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तळाले गोटे, त्यावर गिट्टी, वर जाडी रेती. पाटाचं पाणी त्यातून झिरपून हौदात येऊ दे. गोट्यांवर बुळबुळीत थर चढेल तो घासू नको, तोच पाणी साफ करते. बदकं हाकलून दे. खड्डा स्वतःच्या हातानं खण. कंबर मोडली तर मोडू दे.

रंभा येणार नाई. साहेबाले सांग, बायको मेली. तुझ्यापुरती मेलीच. इथी आली त्याच दिवशी तिचं पोट दुखू लागलं. पोरगी झाली, रडली नाई. नाक तुझं होतं. गाळणी केवढी पाहिजे हे तू विचारलंस, म्हणून एवढं लिहायले बसली. मलेही परवा बोडीच्या पारीवर, त्या बांधात, एक खड्डा खणावा लागला. हातभर पुरला.

तुझीच, रीतीपुरती,
आजी