दक्षिणेतला फिका ठिपका

३ जून, सोमवार
साओ तोमे बेटाचा दारिद्र्याचा नकाशा होणार. कुठल्या गावात किती गरिबी, घरोघर जाऊन. बॉस दोना ओडेट म्हणाल्या, "ओर्तेन्सिओ, दक्षिण तुमची." मी म्हणालो, उत्तरेचा माझा अभ्यास दांडगा आहे. त्या म्हणाल्या, "अभ्यास राहू द्या, पाय चालवा."
यादीत पहिलंच नाव मोन्ते कालादो. तिथल्या कोकोच्या मळ्यावरच्या चाळीत माझा जन्म. ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. मी राजधानीचाच, असं सांगून ठेवलंय. ताई अजून तिथेच असते. नऊ वर्षं जाणं झालं नाही. कामाचा व्याप.
उद्या पहाटे निघायचं म्हणजे निघायचं.

४ जून
निघालो नाही. टॅक्सीत कोंबड्या होत्या.

६ जून, दुपारी
निघालो. निम्म्या वाटेवर उतरून तळलेला मासा आणि नीरफणसाच्या काचऱ्या खाल्ल्या. खाताना सुचलं, ताई सगळ्यांदेखत "आमचा तेन्सू आला गं!" म्हणून गळ्यात पडणार. मग सरकारी माणसाचा आब काय राहिला? शास्त्रीय तटस्थता काय राहिली? परतलो.

८ जून, शनिवार
मार्ग सापडला. बाकीची गावं रीतसर करायची. मोन्ते कालादोला जायची गरजच काय? चाळीतली घरं मला तोंडपाठ. फॉर्म इथेच भरले.
"दिवसातून किती वेळा जेवता?" इथे पेन अडलं. एकदा, हे लिहायला कसंसंच वाटलं. तीनदा लिहिलं. छप्पर: गळत नाही. पाणी: दारात नळ. ताईला फ्रीज दिला. नऊ वर्षांत सुधारणा झालीच असणार. आपल्या माणसांची अब्रू आपणच राखायची.

२१ जून
दक्षिण संपवली. दोना ओडेट म्हणाल्या, मोन्ते कालादोच्या फॉर्मांवर एक खाडाखोड नाही. अर्थातच.

१९ ऑगस्ट
नकाशा भिंतीवर लागला. जितकी गरिबी, तितका रंग गडद. दक्षिण सगळी गडद तपकिरी, मधोमध मोन्ते कालादो फिकं. शेजारच्या टेबलावरचा आदेरितो म्हणाला, "जंगलात लिस्बन उगवलं की काय रे?" सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर छाती फुगली.

२९ ऑगस्ट, गुरुवार
गडद गावांना पावसाआधी छपराचे पत्रे आणि नळ मिळणार. मोन्ते कालादोचं नाव नाही.
सोमवारी दोना ओडेटना स्पष्ट सांगायचं.

२ सप्टेंबर
त्यांना सर्दी झाली होती.

१७ सप्टेंबर
ताई ऑफिसात आली. केस पांढरे झालेत. दोना ओडेटना म्हणाली, "शेजारच्या गावाला पत्रे आले, आम्हाला का नाही? पाऊस तोंडावर आलाय, बाई. पोरांना घेऊन झोपायचं कुठे?" त्यांनी मला फॉर्म घेऊन बोलावलं. तीन जेवणं, नळ, फ्रीज, सगळं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे तुमच्या घरी आले होते ना?"
ताईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आले होते हे साहेब. मीच खोटं सांगितलं. लाज वाटली."
दोना ओडेट भडकल्या. "तुमच्यासारख्यांमुळेच आकडे चुकतात! आता पुढचा सर्व्हे होईपर्यंत काही करता येणार नाही."
"चुकलंच माझं," ताई म्हणाली.
मी फॉर्म नीट लावत होतो. जाताना ताई जवळ येऊन हळूच म्हणाली, "वाळलास रे. जेवतोस ना?"
मी म्हणालो, "दरवाजा त्या बाजूला आहे."

१८ सप्टेंबर
सगळं कबूल करायचं ठरवलं. साडेदहाला केबिनमध्ये गेलो. दोना ओडेट म्हणाल्या, "बोला."
म्हणालो, टाचण्या संपल्यात.
त्यांनी डबी दिली. घेऊन आलो.