बाबा पोलंड बघून आला

कापेल आन डेन आयसेल,
गुरुवार

प्रिय ज्ञानदा,

तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाहीये, म्हणून रागावली असशील. मुद्दामच उचलत नाहीये. फोनवर तू इंग्रजीत भराभर बोलतेस, आणि मी मराठीत उत्तर जुळवेपर्यंत तुझा निर्णय होऊन गेलेला असतो. त्यातून तुझा आवाज जरा ओला झाला की मी 'बरं बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे' म्हणून मोकळी होते. या वेळी मला मोकळं व्हायचं नाहीये. म्हणून हे हाताने लिहिलेलं पत्र, आणि तेही मराठीत. रविवारच्या मराठी वर्गाला तू तोंड पाडून जायचीस, पण वाचायला शिकलीस. मात्र हळू वाचतेस, अक्षर लावत लावत. तेवढा वेळ तुला मध्ये बोलता येणार नाही, आणि मला नेमकं तेच हवं आहे.

बाबाच्या कपाळावरची पट्टी तू फोटोत पाहिलीस, आणि तो फोटो तुला आमच्याकडून नाही, तुझ्या मैत्रिणीकडून, प्रांजलीकडून मिळाला, याचा तुला जास्त राग आलाय. तिचे सासरे बाळासाहेब आमच्या सहलीत होते. त्यांना दिसेल त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायची खोड आहे. किल्ला, सूप, चर्च आणि बाबाचं कपाळ, सगळं एका रांगेत. तो फोटो बघून तू लगेच लिहिलंस की येत्या सोमवारी प्रोफेसरांना भेटतेस, एनस्खेडेच्या विद्यापीठातली पीएच.डी. सोडतेस आणि आमच्याजवळ राहायला येतेस. दोन वर्षांचं काम, एका फोटोवर. तेव्हा त्या फोटोच्या मागचं-पुढचं आधी नीट ऐक.

सहलीला तुझा पहिल्यापासून विरोध होता. पार्किन्सन्सच्या माणसाला कोणी बसमध्ये घालून पोलंडभर फिरवतं का, हे तू मला ज्या आवाजात विचारलंस तो माझ्या सासूबाईंचा आवाज होता. पण बाबाची ती फार जुनी इच्छा. ऑफिसच्या क्राकोवच्या टीमशी तो वर्षानुवर्षं रोज फोनवर बोलला, त्यांच्या मुलांची नावं त्याला पाठ, आणि ते गाव कधी पाहिलं नाही. अ‍ॅमस्टेलव्हीनचा सुदर्शन मराठी मंडळींच्या सहली काढतो, मुलांकडे उन्हाळ्यात राहायला आलेले आईबाप बहुतेक. क्राकोव, वॉर्सा, तोरुन, ग्दान्स्क आणि शेवटी समुद्र, असा बेत होता. मी कोणाला न विचारता पैसे भरले. तू तेव्हा म्हणालीस, तिकडे काही झालं तर मी कायमची घरी येईन. म्हणजे ही सहल आमची परीक्षा होती आणि पेपर तपासणारी तू होतीस. मी ते मनात ठेवूनच विमानात बसले.

पहिल्या दिवसापासून बाळासाहेबांशी माझं वाजलं. साताऱ्याकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते, त्या खुर्चीवरून अजून उतरलेले नाहीत. बसमध्ये रोज सगळ्यांनी दोन रांगा मागे सरकायचं, म्हणजे पुढच्या जागा सगळ्यांना मिळतात, असा सुदर्शनचा नियम. बाबासाठी त्याने पुढची जागा कायम ठेवली, तर बाळासाहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा हवा. मी भांडायला तोंड उघडलं, आणि बाबा उठून उभा राहिला. त्या बारीक आवाजात म्हणाला की ते बरोबर बोलताहेत, आणि निघाला मागे. बसमधली वाट किती अरुंद असते तुला ठाऊक आहे. मधेच त्याचे पाय जमिनीला चिकटले. मी मागून वाकून माझा पाय त्याच्या पावलापुढे आडवा ठेवला, फिजिओने शिकवला तसा, कारण पुढ्यात ओलांडायला काही दिसलं की त्याचे पाय सुटतात, आणि तो माझ्या पायावरून पाऊल टाकून चालू लागला. जागेवर बसल्यावर त्याने बाळासाहेबांना हात केला. मी मात्र दिवसभर त्या माणसाकडे पाहिलं नाही.

मग दिवस चांगले गेले, हे फोटोत दिसत नाही म्हणून लिहिते. क्राकोवच्या चौकात चर्चच्या बुरुजावरून दर तासाला कर्णा वाजतो आणि सूर मधेच तुटतो. जुन्या काळी वाजवणाऱ्याला तिथेच बाण लागला, अशी तिथली कथा. बाबाने ती आमच्या गाइडला, बोझेनाबाईंना, त्यांच्या आधीच सांगून टाकली, कारण टीममधल्या कोणीतरी त्याला ती कधीच सांगितली होती. वॉर्सात बोझेनाबाई म्हणाल्या की हे जुनं शहर युद्धात जमीनदोस्त झालं होतं, जुनी चित्रं समोर ठेवून लोकांनी ते पुन्हा उभं केलं. बाळासाहेबांना ते पटेना. म्हणजे हे नवीनच की, म्हणाले, आणि जुनं बघायला आणून नवं दाखवलं म्हणून सुदर्शनवर नाराज झाले. बाबा त्यावर इतका हसला की गोळीची वेळ झाली याची मलाच आठवण करून द्यावी लागली. असं हसणं या घरात मी बरेच महिने ऐकलं नव्हतं. तू आलीस की आपण तिघं त्याच्या तब्येतीबद्दलच बोलतो, लक्षात आलंय का तुझ्या?

आता ग्दान्स्क. नदीकडे जाणारी एक मोठी कमान आहे, तिच्याखालून गर्दी सतत वाहत असते. जेवणाला उशीर झाला होता, सुदर्शन पुढे जाऊन हात हलवत होता, आणि मी बाथरूमला गेले होते. बाबा कमानीखाली थांबला. आपल्या स्वयंपाकघराच्या दारात थांबतो तसाच. घरी उंबऱ्यांपुढे मी रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, त्या ओलांडत तो जातो. कमानीखाली कसल्या पट्ट्या. बाळासाहेबांना वाटलं बाबा दमला, आणि त्यांनी प्रेमाने हात धरून पुढे ओढलं. पाय जागेवर आणि अंग पुढे, दुसरं काय होणार? मी आले तेव्हा बाबा दगडांवर बसला होता, कपाळातून रक्त येत होतं, आणि बाळासाहेब त्याच्याजवळ गुडघे टेकून, मी ओढलं हो, मी ओढलं, एवढंच म्हणत होते. बोझेनाबाईंनी टॅक्सी केली आणि दवाखान्यात शेवटपर्यंत थांबल्या. थोडे टाके पडले. डोक्याला आतून काही नाही, हे डॉक्टरांनी स्कॅन काढून पाहिलं. इथे आल्यावर आपल्या हाउसआर्ट्स डॉक्टरांनीही तपासलं, कालच.

तू विचारशील, घाबरलीस का. घाबरले, चांगलीच. सुदर्शन हॉटेलवर येऊन चाचरत म्हणाला की काकू, उद्याच्या विमानाने परत गेलात तर बरं, आणि मी फोनवर तिकिटं बघायलाही लागले. तेवढ्यात तुझा तो, पीएच.डी. सोडते म्हणणारा, मेसेज आला. शामलाताई, बाळासाहेबांच्या पत्नी, जवळ बसल्या होत्या. मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी माझा हात धरला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, भाग्यवान आहात, आजकाल कोणाची मुलगी असं करते. मनापासून म्हणाल्या. पण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, असंच, डोळे पुसत म्हटलेलं.

तुला माहीत आहे की मी पुण्यात औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते. तुला हे माहीत नाही की बाबाला इथली नोकरी मिळाली त्याच महिन्यात मला माझ्या विभागाची प्रमुख करायचं ठरत होतं. मी घरी सांगितलं की सोडते. बाबा म्हणाला, तुला पटत असेल तर. माझी आई डोळे पुसत म्हणाली, जावई भाग्यवान. साहेबांनी निरोपाला पेन दिलं. एकानेही म्हटलं नाही की शैला, सोडू नकोस. मग इथे आले, नवऱ्याच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. तू लहान, बाहेर सतत ढग, डच येत नाही, आणि दुपारी मी खिडकीत उभी राहून सायकलवरून कामाला जाणाऱ्या बायका बघायची. अपोथेकमधली, म्हणजे औषधांच्या दुकानातली, ही नोकरी मिळवायला मला पुन्हा शून्यापासून शिकावं लागलं, आणि ती मला प्रिय आहे, पण ती दुसरी आहे. पहिली गेली ती गेली. मला बाबाचा राग नाही. आला असता तर सोपं झालं असतं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि कौतुकाविरुद्ध माणसाला भांडता येत नाही. शामलाताईंचा हात सोडवून घेतला आणि मी तिकिटांचं पान बंद केलं. बाबा पलंगावरून सगळं ऐकत होता. उद्या समुद्र आहे ना, एवढंच त्याने विचारलं.

किनाऱ्यावरच्या गावात एक लांब लाकडी धक्का आहे, थेट समुद्रात गेलेला. मी म्हटलं आपण बाकावर बसू. बाबाने त्या धक्क्याकडे जरा वेळ पाहिलं आणि उठला. लाकडाच्या फळ्या सगळ्या आडव्या, दोन फळ्यांमध्ये काळी रेघ, पुन्हा फळी, पुन्हा रेघ, पार समुद्रात टोकापर्यंत. ज्ञानदा, तो चालायला लागला. रेघ ओलांडत, हात हलवत, माझ्या पुढे. थांबला नाही. मी पर्स सावरत मागून पळत होते. बाळासाहेब माझ्याही मागे, हात पाठीशी घट्ट बांधून, जणू ते हात आपणहून पुढे जातील अशी त्यांना भीती होती. टोकाला जाऊन बाबा कठड्याला टेकला, वाऱ्याने पट्टीचं एक टोक सुटून फडफडत होतं, आणि तो मला म्हणाला की उशीर केलास. मी तिथे उभ्या उभ्या रडले, सहलीतल्या सगळ्या मंडळींदेखत. आनंदानेच. मग आम्ही परत चालत आलो, आणि परतीच्या बसमध्ये मागच्या रांगेत बसलो, कारण नियमाने आमची तीच जागा होती.

मी तुला खोटी आशा दाखवत नाहीये. आजार पुढे जाणार, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. या गोळ्यांचे वाढते डोस रोज माझ्याच हातून लोकांना जातात. एक दिवस त्याला सायकलही चालवता येणार नाही, जी आज तो, चालताना पाय अडत असले तरी, धडधाकट माणसापेक्षा झोकात चालवतो आणि शेजारी बघत राहतात. तेव्हा घरी मदतीला माणूस येईल, खेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बाईंशी मी बोलून ठेवलंय. गरज पडली तर तुझी रजा मागेन, हक्काने मागेन. तुझं काम मागणार नाही. आणि तू आपणहून दिलंस तरी घेणार नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण एक गोष्ट तू इथे येऊन बघण्याआधी तुला माझ्या अक्षरात कळायला हवी होती. तुझ्या खोलीतला पलंग आम्ही आज सकाळी देऊन टाकला. समोरच्या ब्लॉकमध्ये श्रीहर्ष आणि सानिका म्हणून पुण्याचं नवं जोडपं आलंय, बिचारे जमिनीवर गादी टाकून झोपत होते. श्रीहर्ष पलंग सुटा करायला पाना घेऊन आला, तर बाबाने तो त्याच्या हातून काढून घेतला आणि त्याला माझ्याकडे चहा प्यायला पाठवलं. एकेक बोल्ट त्याने स्वतः काढला. हात थरथरायचा, पाना निसटायचा, तो पुन्हा लावायचा. सगळी सकाळ गेली. मी आत गेले नाही, दोनदा जावंसं वाटलं तरी. पलंग जिन्यावरून खाली गेल्यावर तो मला म्हणाला, आता तिला यायला जागा नाही, आणि मग तोंड फिरवून खिडकीपाशी गेला. मला कोणी 'सोडू नकोस' म्हणालं नाही, ज्ञानदा. तुला आम्ही दोघं म्हणतो आहोत. सोमवारी प्रोफेसरांना जरूर भेट आणि तुझ्या पुढच्या प्रयोगाबद्दल बोल. दिवाळीला ये, सोफ्यावर झोप, पाठ दुखली तर दुखू दे. सुट्टी संपली की तुला एनस्खेडेच्या गाडीत बसवायला आम्ही दोघं स्टेशनवर येऊ.

तुझीच, आणि या एका बाबतीत तुझं अजिबात न ऐकणारी,
आई