उपग्रहाच्या चित्रातला आंबा

नागपूर

चि. हौशीराम यास आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे, डबाही वेळेवर येतो. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

काल येथे प्रशिक्षणाला आलेल्या ग्रामस्थांना संगणकीय नकाशाचे उपयोग समजावत होतो. विहिरीची जागा कशी निवडावी, दवाखान्याचा जवळचा रस्ता कसा शोधावा, हे दाखवले. उपग्रहाची जुनी व नवी चित्रे शेजारी ठेवता येतात, हे सांगताना सवयीने आंदर मावळातले आपलेच शेत उघडले.

रेणुकाच्या अस्थी पुरून आपण दोघांनी जेथे आंबा लावला, तो हिरवा ठिपका मी कौतुकाने सर्वांना दाखवला. नव्या चित्रात तेथे पर्यटकांसाठी बांधलेला पोहण्याचा तलाव होता.

“झाड कुठं गेलं जी, सर?” एका आजींनी विचारले. मी पुन्हा जुने चित्र उघडले.

“दादा, वयनीचा आंबा लय फुटलाय,” असे तू गेल्याच आठवड्यात फोनवर म्हणाला होतास.

तलाव का बांधलास, हे विचारत नाही. खोदलेली माती कोठे टाकलीस, तेवढे कळव. सुटीत मी घराऐवजी तेथे जाईन.

तुझा थोरला भाऊ,
सोपान