ओट्याची उंची

३ नोव्हें.
कंत्राटदार जाधव मापं घेऊन गेले. साठवलेल्या पैशांत एकच नवं होईल, हॉल किंवा स्वयंपाकघर. वाकडहून लेकाचा फोन. मंदार म्हणे, "आई, हॉल कर. विकताना लोक हॉलच बघतात." म्हटलं, घर राहायला घेतलंय. मग नफ्याच्या फूटपट्टीनं भिंती मोजणाऱ्या पिढीबद्दल आणखी बरंच.
"आई, मी एकटाच आहे इथे. सभा नाही भरलेली."
लेक माझाच.

४ नोव्हें.
जाधव : "ताई, ओटा चुकलाय तुमचा. वीतभर उंच झालाय."
चुकलेला नाही. सदाशिव पेठेत आलो तेव्हा गवंड्याला अरुणचं माप दिलं होतं. सहा फुटी नवरा, आणि स्वयंपाक त्याचा. बिल्डिंगमधल्या बायका बघायला यायच्या. एकीनं मला विचारलं, "मग तुम्ही काय करता हो?" आतून अ.चं उत्तर, "भाषणं. भूक लागली की घरी येते."
गावोगावच्या सभांत मी हा ओटा समतेचा दाखला म्हणून सांगितला. परतले की पिठलं गरम असायचं, आणि त्याचा प्रश्न ठरलेला : "आज ओट्याला टाळ्या किती?"

७ नोव्हें.
पावसाळ्यात खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून अ.ला फार वेळ उभं राहवत नाही. डबा येतो. डब्यातल्या आमटीला तो रोज "छान" म्हणतो. माझ्या आमटीला जन्मात म्हणाला नव्हता. हा छान म्हणणारा माणूस मला नको.
ठरलं. हॉल गेला खड्ड्यात. ओटा फोडून खाली घ्यायचा, बसून रांधता येईल असा.

८ नोव्हें.
सांगितलं. वाटलं, खूश होईल. पेपर खाली न घेता म्हणाला, "म्हणजे मी आता उभा राहणार नाही, हे तू ठरवलंस."
एवढी व्यासपीठं गाजवली. मी उठून डब्याच्या वाट्या विसळल्या.

१० नोव्हें.
सकाळी स्वयंपाकघरात वॉकरचा आवाज. जायचं नाही म्हणत गेलेच. एका हातानं ओटा धरून चहा टाकत होता. पाय थरथरत होते. खुर्ची पुढे केली.
"राहू दे तिकडे."
उकळी येईपर्यंत उभा राहिला. मग बसला, आणि बसल्या बसल्या हात वर करून ओट्याची कड चाचपली. खांद्याला लागते.
बेल वाजली. जाधव, ओटा फोडायला माणसं घेऊन.
"परत पाठवू?"
"आत तर घे. चहा आहे त्यांच्यापुरता."
चहा चाललाय. हातोड्याचा घाव अजून ऐकू आलेला नाही.