खणातल्या गोळ्या

११ जाने., शनि.
काल दवाखान्यातून घरी सोडलं. तोंड जवळजवळ सरळ झालंय, डावा हात मात्र अजून परक्यासारखा. पेटीचा भाता मारता येत नाही, म्हणजे चर्चमधली गाणी सध्या माझ्याविना. डॉ. म्हणाले, बीपी वाढून झटका आला, वेळेत आणलं म्हणून वाचलात. आणि विचारलं, गोळी कधीपासून बंद? मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "दोन वर्षं झाली. प्रार्थनेने बरे झाले होते ते." डॉ. माझ्याकडे बघत राहिले, मी छताकडे. जीभ जड होती, पण बोलता आलं असतं.

१२ जाने., रवि.
उपासनेनंतर मार्थाबाई भेटायला आल्या. सायखेड्याहून दर रविवारी पहिल्या बसने चर्चला येतात, नवरा गेल्यापासून एकट्याच. ओल्या हरभऱ्याची जुडी आणली होती. हिच्याशी बोलता बोलता म्हणाल्या, "मास्तरांची साक्ष ऐकली तवाच म्या बी बीपीची गोळी सोडली. सकाळी डोकं जड होतं जरा. पर प्रभू हाय ना." माझ्याकडे बघून हसल्या. मी "हं" म्हणालो. फक्त "हं".
हरभरा खाल्ला नाही.

१३ जाने.
इथे तरी खरं लिहावं.
दोन वर्षांपूर्वी उपासनेनंतर तपासणीचं शिबिर होतं. माझं बीपी अगदी नॉर्मल. नॉर्मल येणारच, रोज गोळी घेत होतो. पुढच्या रविवारी साक्ष द्यायला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगायला, उभा राहिलो आणि बोलता बोलता रंगलो. "प्रभूने बरं केलं, गोळ्या बंद केल्या." सगळी मंडळी आमेन म्हणाली. पुढच्या बाकावर हिचे डोळे भरून आलेले. आता मागे कसं फिरायचं?
मग गोळ्या शाळेत नेऊन ठेवल्या. सिन्नरला, माझ्या टेबलाच्या खणात, हजेरीपटाखाली. औषधही तिथूनच घ्यायचं, इथे घराजवळ गंगापूर रोडला कुणी बघायला नको. मे महिन्यात निवृत्त झालो. खण गेला, गोळीही गेली. घरात लपवायला जागा नव्हती एवढंच कारण. विश्वास-बिश्वास काही नाही.
आणि मार्थाबाई तिकडे माझ्या शब्दावर गोळीविना.

१५ जाने.
मार्थाबाईंना फोन केला. कांद्याचं विचारलं, शेळीचं विचारलं. "ठेवू का मग?" म्हणालो आणि ठेवला. पंचावन्न पोरांच्या वर्गात तोंड न थकणारा मी.

१६ जाने.
हिला सांगितलं. भाजी निवडत होती, निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "लोकांसमोर बोललात ते बोललात. दोन वर्षं माझ्यासमोर रोज, बरं केलं म्हणून देवाची उपकारस्तुती केलीत हो." तोंड दाखवायला जागा नाही. जेवण वाढलं, माझी गोळी पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली, दुसऱ्या खोलीत गेली.

१७ जाने., पहाटे
प्रार्थनेला बसलो. एरवी माझ्या प्रार्थना झोकात असतात, लोक मुद्दाम मला सांगतात करायला. आज जीभ अडखळते. एवढंच म्हणालो, प्रभू, मी खोटं बोललो, तुझ्या नावाने बोललो. बसून राहिलो. हलकं वाटलं नाही. पण दवाखान्यात सुद्धा वाटलं नव्हतं ते वाटलं, कुणीतरी शेजारी बसलंय, आणि त्याला हे सगळं आधीच माहीत होतं. रडलो.

१८ जाने.
चर्चचे पाळकसाहेब आले. उद्या मी वाचल्याबद्दल साक्ष द्यावी म्हणत होते. त्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत होते. "मंडळीत सांगणं जड जाईल, मास्तर. सांभाळून सांगा थोडं." मग दारात थांबून, "नाही, सांभाळून नको."

१९ जाने., रवि.
सांगितलं. खण, हजेरीपट, सगळं. देवाने मला राखलं ते डॉक्टरांच्या हाताने, हेही. कुणी आमेन म्हणालं नाही. बाहेर आल्यावर दोघातिघांनी सलाम केला, बाकीचे चपला शोधत राहिले. हिने हात धरून पायऱ्या उतरवल्या. मार्थाबाई आल्याच नव्हत्या. बरं वाटत नाही म्हणून.

२० जाने.
हिच्याबरोबर सायखेड्याला. मार्थाबाई ओट्यावर बसलेल्या, डोक्याला फडकं बांधून. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माफी मागितली. म्हणालो, आत्ता रिक्षा बोलावतो, दवाखान्यात तपासून येऊ, डॉक्टर सांगतील ती गोळी सुरू करू.
त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"मास्तर, म्या भरवसा देवावर ठेवला. तुमच्यावर कुठं ठेवला व्हता?"
ही पुढे झाली, त्यांच्याजवळ बसली. "मावशी, यांनाही देवावरच भरवसा होता म्हणे. बघा, हात कसा झालाय." मार्थाबाईंनी माझा डावा हात उचलून बघितला, बोटं एकेक दाबून बघितली. मग म्हणाल्या, "आज नाय. उद्या बघू."
चहा केला. मला पहिला दिला.
बसमध्ये ही म्हणाली, येतील त्या. मला माहीत नाही. उद्या सकाळी आठला, माझी गोळी घेतली की त्यांना फोन करायचा. शेळीचं विचारायचं नाही.