अंगणाबाहेरची आत्या

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं लिहायचं म्हणत अख्खा हिवाळा टाळलं. कारण विचारशील तर एकही धड नाही. आधी पेन मिळेना. पेन मिळालं तर खोलीच बदलली, आणि नव्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीला रंग देणारे लोक दिसायचे. दोरीला लोंबकळत, गप्पा मारत रंग देतात. असलं काही समोर असल्यावर पत्र कोण लिहील? आता इमारत रंगवून झाली.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसू नकोस, या वेळी टिकलीय. इंटरनेटच्या कंपनीत आहे. दारोदार जाऊन 'मोकळं अंगण' नावाची योजना द्यायची. विकायची म्हणत नाही, कारण ती मोफत आहे. समोरच्याने मोबाइल पुढे करायचा, मी दोन ठिकाणी बोट लावायचं, झालं. बातम्या, गाणी, खरेदी, हवामान, सगळं फुकट, आणि इतकं सुसाट की बोट उचलायच्या आत पान हजर. बाकीचं इंटरनेट बंद नाही हं. तेही चालतं, फक्त जरा दमानं. आमचे मोठे साहेब म्हणतात की आम्ही कुणाची वाट अडवत नाही, काहींची फक्त सोपी करतो. बोलताना ते हात असे पसरतात की मागच्या रांगेतल्यालाही वाटावं, आपल्यालाच कवेत घेताहेत.

कंपनीने पिवळी टोपी दिलीय. तिच्यावर 'सगळ्यांसाठी खुलं' असं लिहिलंय. डोकं उकडतं, पण रुबाब आहे. फोटो सोबत पाठवतोय. सगळ्यात जास्त अंगणं मी शिंप्यांच्या गल्लीत दिली. तिथे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तुझ्या दुकानात लहानाचा मोठा झालो ना, शिवणयंत्राचा खडखडाट ऐकला की मला अजून भूक लागते. टोकाच्या दुकानातल्या शिंपीणबाईंनी तर तुझाच विषय काढला. तुझे मशीन-दुरुस्तीचे व्हिडिओ बघून त्या स्वतः शटल खोलतात, आणि अगदीच अडलं तर मशीनचं डोकं बांधून तुझ्याकडे पाठवतात. मी छाती काढून सांगितलं की ती माझी सख्खी आत्या. त्या एका वाक्यावर अख्ख्या गल्लीने अंगण घेतलं. म्हणजे या महिन्याचं बक्षीस मला तुझ्या पुण्याईने मिळणार.

कागदावर का लिहितोय म्हणशील. माझ्याही मोबाइलवर अंगणच आहे, आणि तुझी मेल उघडायला गेलं की ती उंबऱ्यावरच उभी राहते, आत येत नाही. फोन केला तर तू मला बोलू देत नाहीस.

लोभ आहेच. फोटो पाहून तो कमी होऊ नये, एवढी विनंती.

तुझा,
भिंगरी

ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं, फोटोही मिळाला. टोपी तुला शोभते. ती तू लोकांना घालत फिरतोयस, हे शोभत नाही.

माझी तब्येत ठीक आहे, दुकानाची नाही. पुढच्या खोलीतली फळी तुला आठवत असेल. दुरुस्तीला आलेली मशीनं तिच्यावर मावायची नाहीत, जिन्यात ठेवावी लागायची. आता त्या फळीवर माझा डबा, चष्मा आणि शेजाऱ्यांचं मांजर असतं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. एखाद्या व्हिडिओत उलटा स्क्रू दाखवला की काय म्हणून सगळे पुन्हा बघितले. मग तुझ्या त्या शिंपीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या की पूर्वी पटकन लागायचे, आता तुमचा व्हिडिओ लावला की पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतं. मी म्हटलं की गोल गोल फिरणारा आमच्या घराण्यात एकच आहे. चौकशी केली तर तोच निघाला.

अंगणात शिवणकामाचं काय मिळतं तेही त्यांनी सांगितलं. मशीनच्या कारखान्याचा व्हिडिओ आहे. एक हसरी मुलगी येते आणि सांगते की मशीन आवाज करत असेल तर ते थकलंय, नवं घ्या. थकत नाही रे ते. त्याला तेल हवं असतं. मी कंपनीला लिहिलं की मलाही अंगणात घ्या. उत्तर आलं की अवश्य या, भागीदार व्हा. भागीदारीची रक्कम वाचून मी ते पत्र मांजराखाली अंथरलं.

आता खरं सांगते. त्याच कारखान्याने मला नोकरी देऊ केलीय. चांगली टेबलखुर्ची आहे. गिऱ्हाइकाचा फोन आला की नवं घ्या म्हणून सांगायचं. महिनाअखेर कळवायचंय. फळी अशीच रिकामी राहिली तर मी हो म्हणणार आणि दुकान बंद करणार. जन्मभर जुनं चालतं केलं, आता उरलेलं आयुष्य ते टाकून द्या म्हणून सांगेन.

जेवत जा वेळेवर. रागावलेय, पण आशीर्वाद रागात धरलेला नाही.

तुझी,
आत्या

ता. १८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण उशिरा.

मला खरंच ठाऊक नव्हतं गं. मी लगेच पर्यवेक्षकांना विचारलं की माझ्या आत्याला अंगणात घेता येईल का. ते म्हणाले की प्रत्येकाच्या आत्याला घेत बसलो तर अंगण राहील का, मैदान होईल. मला ते तेव्हा पटलं. जिना उतरल्यावर पटेनासं झालं, पण तोवर लिफ्ट वर गेली होती.

आणखी एक भानगड आहे. असल्या योजना चालू द्यायच्या की नाहीत, हे ठरवायला सरकारी समितीची सुनावणी आहे, या महिन्याच्या २७ तारखेला, मोठ्या सभागृहात. तिथे कंपनीतर्फे सामान्य नागरिक बोलणार आहेत. सामान्य नागरिक म्हणून माझी निवड झालीय. माझा चेहरा फार सामान्य आहे म्हणे. भाषण तयार मिळालंय, फक्त एक जागा रिकामी सोडलीय: 'माझ्या वयस्कर अमुक-अमुकला मोकळ्या अंगणामुळे जगाची दारं उघडली.' अमुकच्या जागी आपापलं नातं घालायचं. मी आजी लिहिणार होतो, पण पर्यवेक्षक म्हणाले की आज्या संपल्या, दुसरं कुणीतरी बघ. घाईघाईत मी आत्या लिहिलं. तुला वयस्कर मी म्हटलेलं नाही, ते छापलेलंच आहे.

तू म्हणशील की बोलू नकोस. पण नोकरी आहे, खोलीचं भाडं आहे. कंपनीच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं की विरोधी लोकांना 'नेट तटस्थता' हवीय. ऐकून मला हायसं वाटलं, कारण तटस्थ तर मी पहिल्यापासून आहे. तू आणि बाबा भांडायचात तेव्हा मी कुणाची बाजू घेतली का? दोन्हीकडे जेवायचो. तसंच या वेळीही. कंपनी एका बाजूला, तू एका बाजूला, आणि मी मधे, कुणाचंच मन न दुखावता.

राग गेला असेल तर लोभ ठेव, नसेल गेला तर दोन्ही शेजारी शेजारी ठेव.

तुझा,
भिंगरी

ता. २३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गाढवा, तटस्थ तार असायला हवी. भाचा नव्हे.

इंटरनेटच्या तारेने बघू नये की कोणाचं पान कोणाच्या घरी चाललंय. कारखान्याचं असो की माझं, तिने ते सारख्याच वेगाने न्यावं, एवढीच त्या शब्दातली मागणी आहे. तू काठावर उभा राहून दोन्हीकडे जेव, असं त्यात कुठेही नाही.

आणि माझ्यासाठी जगाची दारं उघडली हे तू भर सभेत सांगणार असशील, तर आधी मला विचारायचं होतंस की उघडली का. मी इथेच दुकानात बसलेय. दारातून दिवसभरात फक्त पोस्टमन आला, तोही तुझंच पत्र घेऊन.

मी सुनावणीला येणार नाही. भाच्याच्या तोंडून ते ऐकण्यापेक्षा घरी बसून मांजराचं ऐकेन. कारखान्याला द्यायचं उत्तर लिहून तयार आहे, फक्त पाकीट चिकटवायचं राहिलंय.

आशीर्वाद आहेत. या वेळी मोजूनमापून.

आत्या

ता. २७ मार्च, सभागृह

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चहाची सुट्टी झालीय म्हणून बाकावर बसून भरभर लिहितोय. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

सामान्य नागरिकांना टोप्या काढायला सांगितल्या होत्या, पण सगळ्यांच्या केसांवर टोपीचा गोल वळ तसाच. ओळीने उठले आणि ओळीने आपापल्या आज्यांची दारं उघडत गेले. समितीच्या अध्यक्षबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं की यातली एखादी आजी सभागृहात आली आहे का. सगळ्या आज्या घरी होत्या.

मग मी उठलो. सामान्य नागरिक आहे, इथवर नीट म्हटलं. आत्यापाशी आलो आणि गाडी अडली. तुझं ते 'गाढवा' कानात बसलं होतं. मी म्हटलं की माझी आत्याही घरी आहे, पण ती दाखवता येईल, परवानगी द्या. सभागृहाला आजच्या दिवसापुरतं इंटरनेट आमच्या कंपनीनेच भेट दिलं होतं, अंगणच. मी मोठ्या पडद्यावर तुझा दोरा गुंतल्याचा व्हिडिओ लावला.

गोल फिरायला लागलं. समिती बघतेय, साहेब बघताहेत, आज्यांचे नातू बघताहेत. पर्यवेक्षक खाली वाकून वायर बघायला लागले. मधेच बाजूला कारखान्याची ती हसरी मुलगी आपोआप उगवली आणि नवं घ्या म्हणून गेली. तिला अजिबात थांबावं लागलं नाही. लोक हसले. अध्यक्षबाई म्हणाल्या की आपण वाट बघू, घाई नाही.

मला शांतता सहन होत नाही हे तुला माहीत आहे. मग व्हिडिओत काय आहे ते मीच तोंडी सांगायला लागलो. दोरा ओढायचा नाही, आधी सुई काढायची, मग शटलची पट्टी सरकवायची. मधे बोलता बोलता मी त्या इमारत रंगवणाऱ्यांच्या गोष्टीकडे वळलो, का ते आता आठवत नाही, पण परत आलो. समितीतले एक गृहस्थ लिहून घेत होते. मला वाटलं निकाल लिहिताहेत. नंतर त्यांनी विचारलं की पट्टी डावीकडे सरकवायची की उजवीकडे, घरी बायकोचं मशीन आठवडाभर बंद आहे. अध्यक्षबाईंनी सांगितलं की पडदा बंद करू नका आणि हे फिरणं कामकाजात नोंदवा. साहेबांच्या हातांची मी पहिल्यांदाच घडी पाहिली.

सुट्टीत पर्यवेक्षक आले आणि माझी टोपी मागून घेऊन गेले. म्हणजे नोकरी गेली. निकाल अजून नाही, तो कसा लागेल ठाऊकही नाही. साहेबांचं भाषण व्हायचंय, आणि ते बोलायला लागले की मलाही पटतं. पण ते पाकीट चिकटवलं नसशील तर तसंच राहू दे. मी शिंप्यांच्या गल्लीत जातोय, जितकी अंगणं दिली तितकी काढून टाकायला. दोन ठिकाणी बोट लावायचंय, एवढंच.

दारात काहीतरी गडबड चाललीय. पहारेकरी कुणाला तरी सांगतोय की शिवणयंत्राचं डोकं आत नेता येणार नाही, आणि ती बाई त्याला ऐकवतेय की मग समितीला बाहेर बोलवा. मागे शिंपीणबाई उभ्या आहेत. आणि पुढे, आत्या, तू आहेस. कडेवर मशीन घेऊन, बाकाबाकावर मला शोधत. चेहऱ्यावरून दिसतंय की मी काय बोललो ते तुला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे पत्र आता टपालात टाकत नाही, हातातच देतो. आधी वाच, मग मार.

लोभ असावा, निदान वाचून होईपर्यंत.

तुझा,
भिंगरी